आत्याबाईंची खुर्ची

वेंकोबाराव कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नसत. आधी वाकत, बैठकीवरून तळहात फिरवत, "आहेत काय कुणी?" असं हलक्या आवाजात विचारत, उत्तरासाठी थोडं थांबत आणि मगच टेकत. खुर्ची घरची असो, न्हाव्याच्या दुकानातली असो की डॉक्टरांकडची. बसमध्ये हा विधी चालू असला की मागची माणसं खोळंबत आणि कंडक्टर कानडीतून त्यांच्या पूर्वजांची चौकशी करी. वेंकोबाराव शांतपणे बसून घेत, मांडीवर छत्री आडवी ठेवत आणि शेजारच्याला सांगत, "दिसत नाही म्हंजे नाही काय?"

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझी बदली बंगळूरला झाली आणि बसवनगुडीत एका वठारात मला जागा मिळाली. एका अंगणाभोवती सात-आठ बिऱ्हाडं, मधे विहीर, एका बाजूला धुण्याचा दगड, याला तिथं वठार म्हणतात. सामान उतरवून मी एकुलत्या एका खुर्चीवर बसणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "स्वल्प बघून बसा हो." मी दचकून उठलो. मला वाटलं खुर्चीवर विंचू आहे.

दारात बंद गळ्याचा कोट, धोतर आणि मैसुरी पेटा घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी आत येऊन खुर्ची तपासली, "सरी, मोकळी आहे," असा निर्वाळा दिला आणि स्वतःच तिच्यावर बसले. मी खोक्यावर बसलो. त्यांचं घराणं कुठल्याशा मराठा सरदाराबरोबर तीनशे वर्षांपूर्वी खाली उतरलेलं. घरात मराठी टिकून होती, पण तिच्यात कानडी अशी मुरली होती की कुठली कुठं संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी साताऱ्याचा. पण कृष्णेच्या पलीकडचा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी पुण्याचा होता, म्हणून ते मला शेवटपर्यंत 'पुणेकर' म्हणत राहिले. मीही दुरुस्त करायचं सोडून दिलं.

खुर्चीचा उलगडा त्याच संध्याकाळी झाला. वेंकोबारावांनी एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. आयुष्यात बहुधा तेवढा एकच. कॅन्टोन्मेंटला जुनी माणसं दंडू म्हणत. त्या दंडूतल्या एका टॉकीजला कुणीतरी त्यांना नेलं होतं. सिनेमात दोन हेर होते. कानडीत हेराला पत्तेदार म्हणतात, म्हणून त्यांच्या तोंडी त्याचं नाव कायम 'पत्तेदार पिक्चर' असं असे. एक पत्तेदार ताडमाड, दुसरा बुटका आणि गोल. त्यांची विलायती नावं वेंकोबारावांच्या जिभेला झेपली नाहीत, त्यामुळे त्यांनी दोघांचं दोड्डण्णा आणि चिक्कण्णा असं बारसं करून टाकलं होतं. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. एक प्रोफेसर असतो, तो बंबासारख्या एका यंत्रातून निळं पाणी काढतो, ते प्यायलं की माणूस दिसेनासा होतो. प्रोफेसर ते पितो, नाहीसा होतो आणि या दोघा वेंधळ्यांना त्याला शोधायचं काम मिळतं.

एवढीच गोष्ट. पण वेंकोबाराव ती अंगणात करून दाखवत. दर पंधरा-वीस दिवसांनी कुणीतरी म्हणे, "अण्णा, पत्तेदार होऊ द्या की," आणि हे नको नको म्हणत कोट काढून तयार होत. तो कोट छत्रीच्या टोकाला अडकवून अंगणभर फिरवला की झाला अदृश्य प्रोफेसर. दोड्डण्णा व्हायचं तेव्हा टाचा उंचावत, चिक्कण्णा व्हायचं तेव्हा गुडघ्यात वाकत. दोड्डण्णा चिक्कण्णाला थप्पड मारी, ती हे स्वतःच मारून स्वतःच खात. पाठलागात धुण्याच्या दगडावरून घसरून पडत, तेही इतकं हुबेहूब की माझी बायको पहिल्या वेळी हळदीची वाटी घेऊन धावली होती. अदृश्य प्रोफेसर उघडाच फिरत असल्यामुळे थंडीनं शिंकतो आणि त्या शिंकेवरून पकडला जाता जाता वाचतो, इथं तर सगळं वठार हसून लोळत असे.

या नादात ते स्वतःही अधूनमधून पत्तेदार होत. एकदा आमचा पितळी तांब्या हरवला. वेंकोबारावांनी तपास हातात घेतला. सिनेमात चिक्कण्णा जमिनीवर पीठ पसरतो आणि त्यात अदृश्य माणसाची पावलं उमटतात, तसं यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या अंगणात तांदळाचं पीठ पेरलं. त्या काळी गवळी गायच दारात आणून दूध काढून देई. उजाडल्यावर बघतात तर पिठात गायीचे खूर आणि खुद्द वेंकोबारावांची पावलं, बाकी काही नाही. बराच विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला, "चोर गायीवर बसून आला."

त्यावर त्यांच्या खिडकीतून एक कोरडा आवाज आला, "वेंकू, हातात काय आहे ते बघ."

हातात आमचा तांब्या होता. पीठ पेरायला त्यांनी तोच घेतला होता. आदल्या दिवशी विहिरीवरून कधीतरी चुकून घरी नेला असणार. वेंकोबारावांनी तांब्या मला अदबीनं परत केला आणि म्हणाले, "तपास पुरा झाला, पुणेकर."

तो कोरडा आवाज तुंगक्कांचा. वेंकोबारावांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच यांना वाढवलं. पुढे वेंकोबारावांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली तेव्हा मागे राहिलेली पद्माही तिनंच वाढवली. तुंगक्का स्वतः लहानपणीच विधवा झालेल्या. लाल आलवण, डोईवरून पदर, दिवसभर घरात. अंगणात मी त्यांना फार तर विहिरीपर्यंत आलेलं पाहिलं, तेही उजाडायच्या आत. पत्तेदारांचा खेळ चालू असला की त्या खिडकीच्या आत सुपात तांदूळ निवडत बसत. दिसत नसत, सुपाचा आवाज मात्र येत राही.

आता त्या सिनेमातली आत्याबाई सांगायला हवी. प्रोफेसरची ही थोरली बहीण. तिला पडसं होतं, ती रात्री कपाटातला काढा समजून ते निळं पाणी पिऊन टाकते आणि तीही दिसेनाशी होते. माझ्या बायकोनं एकदा शंका काढली होती, की प्रोफेसरला तर कपडे काढून फिरावं लागतं, मग आत्याबाईंचं काय? वेंकोबारावांचा चेहरा गंभीर झाला. "तिचं सोवळ्याचं वस्त्र आहे हो. सोवळं बरोबरच दिसेनासं होतं. विलायतेत असलं म्हणून काय, रीत आहे की नाही?" शेवटी पत्तेदारांच्या घरी लग्न निघतं. आत्याबाई जाऊन अगदी पुढच्या खुर्चीवर बसतात. कुणी म्हणत नाही की तुम्ही इथं कशा, कारण खुर्ची रिकामीच दिसते. मंगलाष्टकं संपतात आणि कुणाच्याच नसलेल्या हातातून अक्षता उडतात, वधूवरांच्या डोक्यावर पडतात. दोड्डण्णा-चिक्कण्णा खुर्चीभोवती शोधत राहतात. इथं वेंकोबाराव पडत नसत, शिंकत नसत. नुसता हात वर करून अक्षता टाकल्यासारखं करत आणि गोष्ट संपे. विलायती लग्नात मंगलाष्टकं कशी, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नाही.

इथं आतला सुपाचा आवाज थांबलेला असे. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मला वाटे तांदूळ निवडून झाले असतील.

पुढे एका वर्षी तो सिनेमा पुन्हा आला. दंडूतल्या त्याच टॉकीजला रविवारी सकाळचा खेळ. मी धावत वेंकोबारावांकडे गेलो. मला वाटलं ते उड्या मारतील. ते पेट्याची घडी नीट करत राहिले. "तुम्ही जाऊन या. मला पाठच आहे की." मी आग्रह केला तर म्हणाले, "बिडी हो, म्हंजे जाऊ द्या. स्वल्प काम आहे." रविवारी सकाळी त्यांना कधीच काम नसे.

आम्ही नवरा-बायको जाऊन आलो. पत्तेदार होते, यंत्र होतं, निळं पाणी होतं. शिंक होती, पण वेंकोबारावांच्या शिंकेची सर तिला नव्हती. शेवटी प्रोफेसर सापडला, दोघं पत्तेदार तळ्यात पडले आणि दिवे लागले. आम्ही बसूनच राहिलो. पुढं काहीतरी यायचं होतं असं वाटत होतं. बायको म्हणाली, "अहो, यात आत्याबाई कुठं होत्या?"

आत्याबाई नव्हत्या. काढा नव्हता, लग्न नव्हतं. प्रोफेसरला बहीणच नव्हती.

संध्याकाळी मी वेंकोबारावांना गाठलं. ते बसवण्णाच्या टेकडीकडे फिरायला निघाले होते. थट्टेच्या सुरात म्हणालो, "अण्णा, तुमच्या आत्याबाईंना टॉकीजवाल्यानं कापलं वाटतं." ते चालता चालता थांबले. मागे वळून घराच्या खिडकीकडे पाहिलं. "अक्कासमोर बोलला नाहीत ना?" मी नाही म्हटलं. मग आम्ही वर पोचलो. एक बाक होता, तो त्यांनी तपासला नाही. नुसते बसले.

"माझी मुंज झाली तेव्हा मी आठ वर्षांचा," ते म्हणाले. "मातृभोजनाला आईच्या जागी एक चुलती बसवली. कोण कुठली, मी पूर्वी बघितली पण नव्हती. मला रोज भरवायची ती अक्का. पण ती आलवणातली, म्हणून तिला उग्राणात बसवलेली." उग्राण म्हणजे कोठीघर. "मी चौफेर बघतो. दिसत नाही. ती चुलती घास पुढं करते, मी तोंड उघडत नाही. सगळे रागवाय लागले. तेव्हा उग्राणाच्या दाराच्या फटीतनं दोन बोटं बाहेर आली आणि अशी हलली. खा म्हणून. मग खाल्लं." त्यांनी दोन बोटं हलवून दाखवली. "दिसत नव्हती. पण होती की हो."

त्यांच्या स्वतःच्या लग्नातही असंच झालं, ते म्हणाले. आणि मग तो सिनेमा पाहून आले त्या संध्याकाळी त्यांनी तो घरी करून दाखवला. तुंगक्का कधी नव्हे इतकं हसल्या. हसून झाल्यावर सूप बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "वेंकू, मग असा न दिसणारा माणूस लग्नात जाऊन पुढं बसला, तर कुणी उठवायचं नाही?"

"मी काय सांगू? म्हटलं, नाही अक्का, बसतात की. पिक्चरमध्ये एक आत्याबाई बसतेच. ती म्हणाली, हौदा, खरंच? सांग बघू." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "तिनं विचारलं म्हणून आत्याबाई आली. आता काय, ती जात नाही."

मी खाली पसरलेल्या गावाकडे बघत राहिलो.

त्यानंतर वर्षभरात पद्माचं लग्न ठरलं. मुलाकडचे देवनहळ्ळीचे. मुलगा चांगला होता, सगळं चांगलं होतं, फक्त त्याचे मामा शेषगिरीराव हे प्रकरण होतं. जाडजूड, घाऱ्या डोळ्यांचे आणि रीतीभातींचे चालतंबोलतं गॅझेट. वाङ्निश्चयाच्या संध्याकाळी कुणीतरी वेंकोबारावांना पत्तेदारांचा आग्रह केला. शेषगिरीराव आधी कपाळाला आठ्या घालून बसले होते. तांदळाच्या पिठापाशी आठ्या गेल्या, शिंकेपाशी त्यांना ठसका लागला, आत्याबाईंच्या सोवळ्यापाशी ते मांडीवर थापा मारून हसले. "बरोबर आहे, सोवळं दिसायचंच नाही," असं त्यांनी शास्त्राधारानं मान्य केलं. जाताना मात्र उंबऱ्यात थांबून आवाज उतरवून म्हणाले, "वेंकोबाराव, घरात अक्का आहेत म्हणे. कार्याच्या वेळी तेवढं आत असू द्या. तुम्हाला माहीत आहेच."

वेंकोबारावांना सगळं माहीत होतं. आतून तुंगक्काच म्हणाल्या, "मी उग्राणातच असणार. तांदूळ मोजून द्यायला माणूस लागतंच की." पद्मा रडली. "अत्ते, मला तूच वाढवलंस," म्हणाली. तुंगक्कांनी तिला दटावलं, "कार्याच्या घरात डोळ्यांतनं पाणी काढू नये."

मग लग्नापर्यंत वेंकोबारावांनी पत्तेदार केले नाहीत. कुणी म्हटलं तर "बघू की" म्हणत. मला काळजी वाटू लागली.

लग्न चामराजपेटेतल्या एका छत्रात होतं. कार्यालयाला तिकडे छत्र म्हणतात. सकाळी गेलो तर पुढच्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी आणि तिच्याशेजारी वेंकोबाराव पहाऱ्याला उभे. नवा कोट, पेट्याला जर. कुणी बसायला आलं की हात आडवा. "बसलेत हो तिथं." लोक हसत. वठारातली माणसं तर मुद्दाम येऊन विचारत होती, "आल्या काय आत्याबाई?" "केव्हाच," वेंकोबाराव सांगत. मुलीच्या लग्नातही यांचा खुळेपणा सुटत नाही, असं म्हणत सगळे पुढं जात होते.

एवढ्यात शेषगिरीमामा आले आणि थेट त्याच खुर्चीकडे निघाले. "स्वल्प बघून, मामा," वेंकोबाराव म्हणाले. मामांना आठवलं. त्यांनी मोठ्यानं हसून बैठकीवरून हात फिरवला, चटकन मागं घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "नमस्कार आत्याबाई, बसा बसा," म्हणून वाकले. आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. सभामंडपात हशा झाला. वेंकोबाराव मात्र हसले नाहीत.

अंतरपाट धरला गेला. सगळ्यांच्या नजरा तिकडे. मी उग्राणाच्या दारापाशी अक्षता वाटायला उभा होतो. वेंकोबाराव गर्दीतून आले आणि दार लोटून आत गेले. तुंगक्का तांदळाच्या पोत्याशी बसल्या होत्या, हातात शेर.

"अक्का, चल."

"वेडा झालास काय? कुठं?"

"तुझी खुर्ची धरून ठेवलीय."

"वेंकू, लोक बघतील. पोरीचं काही कमीजास्त झालं तर?"

"सोवळं नेसलीस ना? मग दिसत नाहीस तू. सगळ्यांना माहीत आहे." त्यांनी बोट पुढं केलं. "चल की. दिसलीस तर मी परत आणून बसवतो इथं."

तुंगक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग शेर पोत्यात खोचला. आठ वर्षांच्या पोराचं धरावं तसं त्यांनी भावाचं बोट धरलं आणि दोघं बाहेर आले.

त्या लाल आलवणातली ती लहानशी आकृती मांडवाच्या मधून चालत गेली आणि पुढच्या रांगेत त्या खुर्चीवर बसली. मागून पुढे आवाज बंद होत गेले. भटजी मंगलाष्टकाच्या मध्यावर थांबले. ओलगवाल्यांनी सनई खाली घेतली. तुंगक्कांनी मान खाली घातली होती. दारात मी दिलेल्या अक्षता त्यांच्या मुठीत होत्या. शेषगिरीमामा शेजारच्याच खुर्चीवर, ताठ झालेले.

वेंकोबाराव त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. हात जोडले. पत्तेदाराचा आवाज नव्हता, स्वतःचाच होता. "मामा, तुम्ही थोर. सांगा. या खुर्चीवर कुणी दिसतंय काय?"

मामांनी शेजारी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. घारे डोळे, कपाळावर त्या आठ्या. मला वाटलं, आता उठणार, वऱ्हाड घेऊन निघणार, आणि या खुळ्या माणसानं पोरीचं वाटोळं केलं. अंतरपाटाच्या कडेवरून पद्मा बघत होती. मामांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं.

"कुठली खुर्ची?" ते म्हणाले. घसा खाकरला. "ही होय? ही सकाळपासून रिकामीच आहे." आणि भटजींवर खेकसले, "थांबलात काय? मुहूर्त जाईल की. म्हणा."

भटजींनी म्हटलं. गट्टीमेळ सुरू झाला, ढोल आणि सनई एकदम, कान फुटतील असे. अंतरपाट खाली आला. तुंगक्कांनी हात वर केला आणि अक्षता टाकल्या. त्यातल्या काही पद्माच्या डोक्यावर पडल्या, काही शेषगिरीमामांच्या पेट्यावर. मामांनी वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, कुठून आल्या ते जणू कळतच नाही असा चेहरा केला. इतका चांगला चिक्कण्णा मी टॉकीजमध्येही पाहिला नव्हता.

पंगती उठायच्या सुमाराला मांडव रिकामा झाला. तुंगक्का कधीच उग्राणात परत गेल्या होत्या. रात्रीचे तांदूळ मोजून द्यायचे होते. मी खुर्च्या मिटवायला लागलो तेव्हा वेंकोबाराव आले. पेटा काखेत, कोट घामानं भिजलेला. त्या खुर्चीपाशी थांबले, सवयीनं वाकले आणि बैठकीवर तळहात ठेवला. नेहमीसारखं विचारलं मात्र नाही. हात तसाच ठेवून उभे राहिले.

"बसा ना अण्णा," मी म्हटलं, "सकाळपासून उभे आहात."

"नको हो," ते म्हणाले. "ऊब आहे अजून."